शेवट माहीत असलेली पुस्तकं

उंब्रजसारख्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात युद्ध, नरसंहार, दुष्काळ, भूकंप यांवरच्या पुस्तकांचा कप्पा ओळखायला वेळ लागत नाही. तिथल्या पुस्तकांच्या शिवणी उसवलेल्या असतात, कोपरे झिजलेले असतात आणि मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीवाटीने बसलेले असतात. ही पुस्तकं घरी नेणारी माणसं चारचौघांसारखीच असतात. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी बँकेतला कारकून, कुणी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी. रस्त्यात अपघात दिसला तर यांतले बरेच जण मान फिरवतील. पण हिटलरच्या छळछावण्यांवरचं चारशे पानांचं पुस्तक ते रात्री दीडपर्यंत वाचत बसतात. "झोपायच्या वेळी असलं कशाला वाचता?" या घरच्यांच्या प्रश्नाला मात्र त्यांच्याकडे धड उत्तर नसतं.

याच वाचकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. साठ लाख ज्यूंची कत्तल झाली, हे वाक्य डोळ्यांखालून जातं आणि वाचक पुढच्या ओळीवर सरकतो. अ‍ॅन फ्रँक या लपून राहिलेल्या ज्यू मुलीची रोजनिशी वाचताना तोच वाचक अडखळतो, पुस्तक मिटून बसतो. साठ लाखांनी जे होत नाही ते एका मुलीने कसं होतं?

अशा वाचनाची ओढ आजची नाही. कृष्णा आणि तारळीच्या संगमावरच्या उंब्रजमध्ये समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आहे. समर्थांनी परचक्रावर आणि अस्मानी-सुलतानीवर रचना केल्या. दुष्काळ, लूट, परागंदा झालेली माणसं यांचं वर्णन सतराव्या शतकातल्या मराठी माणसाने ऐकलं, पाठ केलं, पुढच्या पिढीला दिलं. अशा मजकुराकडे मन का वळतं आणि तो वाचताना मनात काय घडतं, याचा शोध गेल्या शंभरेक वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी घेतला. त्यातले काही महत्त्वाचे धागे भारतातल्याच आपत्तींमधून निघालेले आहेत.

भीती कारण शोधते

15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी गोळा केल्या. त्यांनी पाहिलेल्या भागात धक्का जोरदार जाणवला होता, पण घरं शाबूत होती, माणसं सुखरूप होती. अशा ठिकाणी दिलासा देणाऱ्या बातम्या पसरायला हव्या होत्या. झालं उलटंच. आणखी मोठा भूकंप येणार, पूर येणार, प्रलय होणार, अशा अफवांना ऊत आला.

पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांच्या वाचनात ही माहिती आली आणि ते चक्रावले. आधीच घाबरलेली माणसं आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतात? त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: या माणसांना भीती तर वाटत होती, पण आजूबाजूला भीती वाटावी असं काहीच दिसत नव्हतं. मनाला ही विसंगती सोसवत नाही. भीती नाहीशी करता येत नसेल तर मन तिला साजेसं कारण शोधतं. 1950 मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. तिथे उद्ध्वस्त घरं समोर दिसत होती, आणि तिथल्या लोकांमध्ये अशा भयंकर अफवा आढळल्या नाहीत, असं दुर्गानंद सिन्हा यांच्या पाहणीत दिसलं. तिथल्या भीतीला कारण शोधायची गरजच नव्हती.

हा धागा वाचनाला लावून पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचा महापूर पाहिलेल्या, रोज कुठल्या ना कुठल्या युद्धाच्या बातम्या ऐकणाऱ्या माणसाच्या मनात एक बिननावाची धास्ती असते. पुस्तक तिला गाव, तारीख, माणसं आणि कारणं देतं. कशाला घाबरायचं आणि का, हे एकदा कळलं की धास्ती आटोक्यात येते. म्हणूनच असं पुस्तक संपल्यावर पुष्कळ वाचकांना विचित्र वाटावं असं शांत वाटतं. त्यात विकृत असं काही नाही. अफवेनेही हेच काम होतं, फक्त अफवा खोटं कारण पुरवते. त्यामुळे हातातलं पुस्तक खरं कारण देतंय की सोयीचं, हे पाहणं वाचकाच्या हिताचं ठरतं.

आकडा वाढतो तसं मन बोथट होतं

हातातल्या पिशवीत पाव किलो गूळ असेल आणि त्यात आणखी पाव किलो टाकला तर हाताला लगेच कळतं. डोक्यावर गुळाची अख्खी ढेप असताना वर पाव किलो ठेवला तर मानेला पत्ताही लागत नाही. दुःखाच्या मोजमापातही मन असंच वागतं. शून्यावरून एक मृत्यू हा फार मोठा फरक असतो. नव्वद हजारांवरून एक्क्याण्णव हजार हा फरक फक्त कागदावर उरतो, जरी त्यात हजार माणसं असली तरी.

पॉल स्लोविक, डेबोरा स्मॉल आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हे नेमकं दिसलं. सहभागी झालेल्यांना थोडे पैसे मोबदला म्हणून दिले आणि त्यातले आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी किती द्याल असं विचारलं. काहींना लाखो भुकेल्यांची आकडेवारी दाखवली, काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली. रोकियासाठी दुपटीहून अधिक पैसे निघाले. तिसऱ्या गटाला रोकिया आणि आकडेवारी दोन्ही दाखवली, तेव्हा मदत पुन्हा घसरली. आकडे शेजारी येऊन बसले आणि त्यांनी त्या एका मुलीलाही अंधूक केलं.

चांगल्या लेखकांना हे प्रयोगाआधीच उमगलेलं असतं. हिरोशिमावर 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब पडला. वर्षभराने जॉन हर्सी यांनी त्यावर लिहिलेला वृत्तान्त 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने 31 ऑगस्ट 1946 च्या अंकात छापला. अख्खा अंक त्या एका लेखाला दिला होता. हर्सींनी फक्त सहा माणसं निवडली. बॉम्ब पडला त्या क्षणी ती सहा जणं काय करत होती, इथून ते सुरुवात करतात. भाषा अगदी साधी, विशेषणं जवळपास नाहीत. मृतांचा आकडा त्यात येतो, पण तोवर वाचक त्या सहा जणांच्या घरात शिरलेला असतो.

एकाच माणसाच्या कहाणीवर भिस्त ठेवण्यात धोकाही आहे. एक चेहरा कळवळा जागवतो. ते का घडलं आणि पुन्हा कसं टळेल, हे त्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

"हे तर आधीच दिसत होतं"

आपत्तीच्या पुस्तकात वाचकाला सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट म्हणजे त्याला शेवट माहीत असतो. 1975 मध्ये बारूक फिशहॉफ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी प्रसंग निवडला 1814 च्या इंग्रज-गुरखा युद्धाचा. विद्यार्थ्यांना युद्धाची पार्श्वभूमी वाचायला दिली. मग एका गटाला सांगितलं की इंग्रज जिंकले, दुसऱ्याला सांगितलं की गुरखे जिंकले, इतरांना सांगितलं की युद्ध अनिर्णित राहिलं. नंतर विचारलं: निकाल माहीत नसता तर तुम्ही कशाची शक्यता किती धरली असती? ज्याला जो निकाल सांगितला होता त्याला तोच जास्त संभवनीय वाटला. वर, मजकुरातल्या त्याच निकालाकडे बोट दाखवणाऱ्या गोष्टी त्याला महत्त्वाच्या वाटल्या. निकालाच्या माहितीने आपलं मत बदललंय, याची जाणीव मात्र विद्यार्थ्यांना जवळजवळ नव्हती.

याचं सर्वांत जवळचं उदाहरण उंब्रजपासून फार लांब नाही. उंब्रजहून मल्हारपेठ, पाटण करत चिपळूणकडे जाणारा रस्ता कोयनानगरवरून जातो. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी तिथे भूकंप झाला. त्याची तीव्रता वेगवेगळ्या मोजणींत 6.3 ते 6.5 येते. सुमारे 180 माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. 103 मीटर उंचीच्या कोयना धरणाला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. धरण टिकलं, नंतर ते मजबूत करण्यात आलं.

आज पाटण खोऱ्यातला शाळकरी मुलगाही सांगेल की धरणात पाणी साठलं म्हणून भूकंप झाला. एवढं उघड होतं तर आधी कुणाला कसं कळलं नाही, असा रागही बोलण्यात येतो. आता थोडं 1961 मध्ये जाऊन उभं राहायला हवं. दख्खनचं पठार त्या काळी भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजलं जात होतं. अमेरिकेत हूवर धरणाच्या जलाशयाजवळ लहान हादरे बसल्याच्या नोंदी होत्या, पण ते हादरे लहानच होते. जलाशयाशेजारी सहा तीव्रतेच्या घरातले भूकंप चीनमध्ये झिनफेंगजियांगला 1962 मध्ये आणि आफ्रिकेत करीबाला 1963 मध्ये झाले, म्हणजे कोयनेचं पाणी अडवायला सुरुवात झाल्यानंतर. कोयना परिसरातही पाणी भरू लागल्यापासून लहान धक्के जाणवत होते आणि सप्टेंबर 1967 मध्ये एक बऱ्यापैकी मोठा धक्का बसला. एवढे सगळे ठिपके आज एका रेषेत दिसतात, कारण रेषा कुठे संपते ते ठाऊक आहे. तेव्हा ते इतर शेकडो ठिपक्यांत मिसळलेले होते.

कारणही वरवर वाटतं तितकं सरळ नाही. जमिनीखाली खडकांच्या जुन्या भेगा असतात आणि त्यांच्या दोन बाजू घर्षणाने एकमेकींना धरून असतात. आत ताण आधीपासून साठलेला असतो. जलाशयाचं पाणी खोलवर झिरपतं, भेगेतल्या पाण्याचा दाब वाढतो, दोन्ही बाजूंची पकड सैल होते आणि साठलेला ताण मोकळा होतो. पाणी भूकंपाची ताकद निर्माण करत नाही, ते त्याची वेळ अलीकडे आणतं. हे समजून घ्यायला जगभरच्या शास्त्रज्ञांना पुढची कित्येक वर्षं लागली. 2017 मध्ये याच अभ्यासासाठी कोयना भागात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आलं. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची यासाठीची प्रयोगशाळा कराडला आहे.

आपत्तीवरचं पुस्तक चांगलं की सुमार, हे ओळखायची एक खूण इथेच सापडते. सुमार पुस्तक पहिल्या पानापासून वाचकाला निकालाच्या खुर्चीत बसवतं. तिथून सगळे मूर्ख दिसतात: धरण बांधणारे मूर्ख, वेळीच देश न सोडणारे ज्यू मूर्ख, पुराचं पाणी पायरीला लागलं तरी घरात बसलेले मूर्ख. चांगलं पुस्तक वाचकाच्या हातून शेवट काढून घेतं आणि त्याला त्या दिवशीच्या अर्धवट माहितीत उभं करतं. अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी इतकी लागते त्याचं एक कारण हे आहे. ती 12 जून 1942 ला सुरू होते आणि 1 ऑगस्ट 1944 ला थांबते. त्यानंतर तीन दिवसांनी धरपकड होणार आहे, हे लिहिणारीला ठाऊक नाही. ती कुरबुर करते, प्रेमात पडते, पुढे काय व्हायचं ते ठरवते.

झाशीच्या वाड्यातला भिक्षुक

मराठीत अशा साक्षीचं अस्सल पुस्तक शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे: विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक ब्राह्मण 1857 मध्ये चुलत्यांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेत निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता होती. घरचं कर्ज फिटावं, एवढाच हेतू. वाटेत बंडाच्या बातम्या कानावर आल्या आणि मार्च-एप्रिल 1858 मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या सैन्याने झाशी घेतली तेव्हा भटजी शहरातच अडकलेले होते.

गोडसे सेनापती नाहीत, इतिहासकार नाहीत. त्यांना डावपेच कळत नाहीत. पण शहर पडल्यावर गल्लीत काय घडतं हे ते जसं सांगतात तसं कुठल्याही सरकारी खलित्यात मिळणार नाही. गोरे शिपाई घराघरात शिरून माणसं मारतात, पेटलेल्या घरांचा धूर, जीव मुठीत धरून लपून बसलेली माणसं. आणि लुटीचा क्रम: आधी मौल्यवान चीजवस्त, मग भांडीकुंडी, मग कपडालत्ता आणि धान्य. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली याचं दुःख ते वेगळं नोंदवतात. पोथीवर पोट असलेल्या माणसालाच ते तसं दिसणार. साक्षीदार कोण आहे यावर त्याला काय दिसणार हे ठरतं, याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

हे पुस्तक वाचताना काही गोष्टींचं भान हवं. गोडसे यांनी हा वृत्तान्त पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिला. वैद्यांनी तो 1907 मध्ये छापला, तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मजकुरावर त्यांचा हात फिरलेला होता. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये आणली. शिवाय गोडसे काही प्रसंग डोळ्यांनी पाहतात, काही ऐकतात, आणि दोन्ही एकाच ओघात सांगतात. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी दमलेली झाशीची राणी भेटते, तो प्रसंग त्यांनी स्वतः अनुभवलेला म्हणून सांगितला आहे. दूरच्या लढायांची वर्णनं उघडच ऐकीव आहेत. ऐकीव म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. त्या काळात लोक काय बोलत होते याचा तो पुरावा आहे. फक्त त्यांचं वजन वेगळं धरायचं.

आणखी एक पान शेजारी ठेवल्याशिवाय झाशी पुरती कळत नाही. जून 1857 मध्ये झाशीतच जोखनबागेत शरण आलेले इंग्रज, त्यांच्या बायका आणि मुलं ठार मारली गेली होती. दहा महिन्यांनी आलेल्या सैन्याच्या डोक्यात तो सूड होता. त्या सैन्याबरोबर असलेला डॉक्टर थॉमस लो याने 1860 मध्ये छापलेल्या पुस्तकात राणीविषयी भरभरून द्वेष आहे. हे पुस्तक वाचायचं ते झाशीच्या गल्लीतली कत्तल धुऊन काढण्यासाठी नाही. कत्तल करणारी माणसं स्वतःला काय सांगत होती ते त्यात उघडं पडतं, म्हणून वाचायचं.

मेलेल्यांचीच चूक?

1966 मध्ये मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी केलेला प्रयोग अस्वस्थ करणारा आहे. एका बाईला विजेचे धक्के बसताहेत असं प्रेक्षकांना भासवलं. तिला मदत करण्याची सोय नाही, असं कळल्यावर पाहणारे हळूहळू तिलाच नावं ठेवू लागले. लर्नर यांचं म्हणणं असं की जग न्यायाने चालतं यावर माणसाला विश्वास ठेवायचा असतो. निरपराध माणूस भरडला जातो हे मान्य केलं तर उद्या तीच पाळी आपल्यावर येऊ शकते. त्यापेक्षा त्याचंच काहीतरी चुकलं असेल, असं म्हणणं सोपं जातं.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. दहा हजारांच्या आसपास बळी गेले, त्यातले बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली. तेव्हापासून "असली घरं बांधलीच कशाला?" हा प्रश्न ऐकू येतो. त्याचं उत्तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आहे. जाड भिंत आणि मातीचं छत घर थंड ठेवतं, दगड आणि माती गावातच मिळते, आणि त्या भागात भूकंपाची भीती कुणी दाखवलेली नव्हती. ती घरं पिढ्यानपिढ्यांच्या शहाणपणातून आली होती. हे समजलं की मेलेल्यांना दोष देणारी जीभ थांबते.

*चौकट*
हातात पुस्तक घेताना
लिहिणारा तिथे होता का, आणि असेल तर कुठे उभा होता? घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं? पाहिलेलं आणि ऐकलेलं तो वेगळं सांगतो का? आकड्यांमागे माणसं आहेत का, आणि माणसांमागे कारणं आहेत का? ज्यांनी अत्याचार केले त्यांची कागदपत्रं कुठे येतात का? अनुवाद असेल तर संक्षिप्त आहे की संपूर्ण, हे पहिल्या पानांवर पाहावं. रात्री झोपमोड होत असेल तर असं पुस्तक सकाळी वाचावं. त्यात कमीपणा नाही.

लक्षात राहतं ते आणि निसटतं ते

भावना उसळल्या की शरीरात सुटणारी रसायनं स्मृती पक्की करतात. लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी 1995 मध्ये लोकांना एकच चित्रमालिका दोन प्रकारे सांगितली. एका गोष्टीत काहीच विशेष घडत नाही, दुसरीत मुलाला भीषण अपघात होतो. अपघाताचा भाग ऐकणाऱ्यांच्या ठळक लक्षात राहिला. आपत्तीची पुस्तकं वाचल्यावरही भयानक दृश्य मनावर कोरलं जातं आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा मजकूर पुसट होत जातो.

नाझी राजवटीच्या बाबतीत यामुळे मोठं नुकसान होतं. वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' या पुस्तकाने मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना हा इतिहास सांगितला. वाचकाला त्यातलं काय आठवतं असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा छळछावण्यांचं येतं. पण हिटलर 30 जानेवारी 1933 रोजी चॅन्सेलर झाला, मार्चमध्ये संसदेनेच कायदे करण्याचा अधिकार त्याच्या सरकारला बहाल केला, सप्टेंबर 1935 च्या कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व हिरावलं आणि नोव्हेंबर 1938 मध्ये एका रात्रीत त्यांची प्रार्थनास्थळं जाळली गेली. हा पाच-सहा वर्षांचा काळ पुस्तकात कंटाळवाणा वाटतो. कायदे, ठराव, नोकऱ्यांतून काढणं, दुकानांवर बहिष्कार. रोमांच येईल असं त्यात फारसं नाही. ज्या टप्प्यावर सामान्य माणसं अजून काही करू शकत होती, तो हाच टप्पा होता. त्या पानांशी पेन्सिल घेऊन बसावं, तारखा समासात लिहाव्यात. नुसत्या वाचनावर ही पानं टिकत नाहीत.

पुस्तकात न उतरलेल्या आठवणीही अशाच निसटतात. कोयनेच्या भूकंपाच्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत. पाटण, मल्हारपेठ, उंब्रज, कराड भागातल्या पुष्कळ घरांत अशी आजी-आजोबा मंडळी असतील. त्यांची आठवण टिपून ठेवायची असेल तर "तुम्हाला काय वाटलं?" हा प्रश्न पहिला नको. त्याचं उत्तर गेल्या अर्ध्या शतकात अनेकदा सांगून गुळगुळीत झालेलं असतं. जाग कशाने आली? आधी ते काय आहे असं वाटलं? घरात दिवा होता का, कंदील होता का? पहिली हाक कुणाला मारली? बाहेर आल्यावर कोण दिसलं? कोयनानगरचं कळलं ते कधी आणि कुणाकडून? डोळ्यांनी पाहिलेलं एका पानावर, मागाहून ऐकलेलं दुसऱ्या पानावर. बोलणाऱ्याची बोली आहे तशी ठेवावी, शुद्ध करू नये, आणि नोंद कोणत्या तारखेला घेतली ते वर लिहावं.